थांबायचे पैसे

आमची सायकल आली तेव्हा तिला पायडलं नव्हती.

खोक्यात हात घालून मी ती आधी शांतपणे शोधली, मग जरा आवाज करत शोधली. दुकानदार गिऱ्हाइकाला दिलासा द्यायच्या सवयीच्या सुरात म्हणाला, "सर, या रेंजमध्ये पायडलं येत नाहीत. रायडर आपल्या आवडीची लावतो."

"मग चाकं कशाला दिलीत? तीही आवडीची लावली असती आम्ही."

बायकोनं मागून माझा शर्ट ओढला. या खरेदीत तो किती वेळा ओढला गेला, ते शर्टालाच माहीत. माझ्या स्कूटरपेक्षा कितीतरी महाग सायकल. स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, आणि पाय ठेवायला जागा नाही. जितके पैसे जास्त, तितक्या वस्तू कमी. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. असली बाजारपेठ मला कोणत्याही पुस्तकात सापडलेली नाही.

सायकल बायकोची. ती पेणमधल्या एका शाळेत पी.टी.ची बाई आहे. मुलं पळतात, ती रेषेपाशी उभी राहते, शिट्टी वाजवते, आणि कोण पहिलं आलं ते सांगते. गेल्या पावसाळ्याच्या आधी कधीतरी तिच्या फोनवर कोणीतरी पाठवलं की रोह्याच्या बाजूला डोंगरात सायकलींची शर्यत होणार आहे, दसऱ्यानंतरच्या रविवारी, आणि तिच्या वयाच्या बायकांचा वेगळा गट आहे. चहा पिता पिता ती म्हणाली, "मला जायचंय." मला वाटलं बघायला. मी म्हटलं, जाऊ की, येताना तुझ्या आईकडे निडीला जेवू.

"बघायला नाही हो. भाग घ्यायला. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी शिट्टी मारतेय. एकदा दुसऱ्या कोणी तरी माझ्यासाठी मारू दे."

यावर नवऱ्यानं काय म्हणायचं? मी म्हटलं, "सायकलीचं मी बघतो." आणि तिथून माझ्या डोक्याचा ताप सुरू झाला.

सायकल बघणं म्हणजे काय, तर माझ्या मते दोन दुकानं फिरायची, भाव पाडून घ्यायचा आणि वर एक कुलूप फुकट मागायचं. आमच्या लहानपणी काळी सायकल आणि रंगीत सायकल असे दोनच प्रकार होते. आता मी रोज संध्याकाळी मोबाईलवर परदेशातल्या दाढीवाल्या पोरांचे व्हिडिओ बघत बसलो. एक म्हणायचा, मागे शॉकअप नसेल तर डोंगरात जाऊच नका. दुसरा म्हणायचा, मागचा शॉकअप म्हणजे वजन आणि खर्च, नवशिक्यानं फक्त पुढचाच घ्यावा. एक म्हणायचा स्प्रिंगचा फोर्क, दुसरा म्हणायचा हवेचा. हा हवेचा फोर्क म्हणजे पुढच्या शॉकअपमध्ये स्प्रिंगऐवजी हवा भरायची, आणि ती माणसाच्या वजनाप्रमाणे भरायची. त्यासाठी वेगळा छोटा पंप लागतो. तोही सायकलीबरोबर येत नाही. आतापर्यंत तुम्हाला अंदाज आलाच असेल.

वर्गात मी घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त आंब्यांवर शिकवतो. पहिला आंबा अमृत, चौथा बरा, सातवा नको. सायकलवाल्यांना मात्र सातवाच आंबा सगळ्यात गोड लागतो. पहिल्या पैशांत सायकल चांगली किलोभर हलकी होते. त्यापुढचे तेवढेच पैसे टाकले की पाव किलो. त्यापुढचे टाकले की वाटीभर साखरेएवढी. आणि त्या वाटीभर साखरेसाठी लोक हसत हसत लाख रुपये मोडतात. मी दुकानदाराला विचारलं, "एवढंसं वजन कमी करायला एवढे पैसे? त्यापेक्षा माणसानं सकाळचा नाश्ता सोडावा." त्यानं अदबीनं माझ्या पोटाकडे बघितलं. बायकोनंही बघितलं. मी पुढच्या सायकलीकडे सरकलो.

कार्बनची फ्रेम नको, हे आमचं लगेच ठरलं. तिची किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो, आणि खुर्चीचीही काही किंमत असेल या भीतीनं लगेच उठलो. ॲल्युमिनियमची घ्यायची. शॉकअप फक्त पुढचा, पण हवेचा. मागच्या शॉकअपबद्दल मी जरा आग्रह धरून बघितला. आमच्या घरापासून महामार्गापर्यंत जायला तो डोंगरापेक्षा जास्त उपयोगी पडला असता. पण पैसे बायकोचे होते, तिच्या आरडीचे. तिनं एक आकडा ठरवला होता आणि त्या आकड्याच्या पुढे ती शाळेतल्या चुन्याच्या रेषेपुढे पोरांना जाऊ देते तेवढंच मला जाऊ देणार होती, म्हणजे अजिबात नाही.

मग अडलं ते शेवटच्या दोन गोष्टींवर. या सायकलींना पुढे एकच चक्र असतं आणि मागे दातेरी चकत्यांची उतरंड, तिला कॅसेट म्हणतात. मागची सगळ्यात मोठी चकती जितकी मोठी, तितकी चढणीला सायकल हलकी. दुकानात एक कॅसेट होती, तिची शेवटची चकती आमच्या घरातल्या पोळीच्या ताटलीएवढी. बायको तिच्याकडे सोन्याच्या दुकानात बघावं तशी बघत होती. आणि दुसरीकडे ब्रेक. साधे डिस्क ब्रेक सायकलीबरोबर येणारच होते, पण दुकानदारानं वरच्या दर्जाचे ब्रेक काढून दाखवले. बाहेरून येणारे, आतून दुप्पट दट्टे असलेले. "एका बोटानं थांबते, सर." उरलेल्या पैशांत दोन्हीतलं एकच बसत होतं.

"मला चढायचंय," बायको म्हणाली. "निम्म्या चढावर उतरून ढकलायची तर शर्यतीला कशाला जाऊ? घाटात बैलगाडी ढकलतात तसं?"

"आणि उतरताना?"

"उतरताना काय? उतरेलच की."

"मी तेच म्हणतोय!"

मी ब्रेकसाठी हटून बसलो. या सगळ्या व्यवहारात तेवढी एकच गोष्ट मी मनापासून मागितली. बाकी शॉकअपमध्ये हवा भरा नाहीतर पाणी भरा, मला तिचं डोंगरावरून खाली सुखरूप येणं हवं होतं. हे असं दुकानात सांगता येत नाही, म्हणून मी अपघात, विमा, वळणं असं बरंच काय काय बोललो. शेवटी ती म्हणाली, "घ्या तुमचे ब्रेक." तेव्हापासून त्या सायकलीचे बाकीचे सगळे भाग तिचे आणि ब्रेक तेवढे माझे.

सरावाला ती पहाटे पेणच्या आसपासच्या चढांवर जायची आणि मी मागून स्कूटरवर, पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन. बघणाऱ्यांना मजा. रस्त्यातले ओळखीचे हटकायचे, "सर, मॅडमना सायकल नी तुमाला स्कूटर? उलटं नाय का व्हायला पायजे?" आमच्या शेजाऱ्यांचा गणपतीचा कारखाना आहे. त्यांनी किंमत ऐकली आणि म्हणाले, "एवढ्यात मंडळाची मोठी मूर्ती होते, सर. आणि तिला पाय असतात." पायडलांची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. चूक माझीच.

पण ती चढायची. चढाच्या शेवटच्या टप्प्यात सगळ्यात मोठ्या चकतीवर येऊनसुद्धा तिची दमछाक व्हायची, आणि माझ्या स्कूटरच्या आवाजाकडे न बघता ती म्हणायची, "ताटलीएवढी असती तर..." पुढचं म्हणायची नाही. उतारावर मात्र ब्रेक असे मऊ लागायचे की मलाच छाती फुगवून चालावंसं वाटायचं. तुमचे ब्रेक बरे आहेत, असं ती एकदा म्हणाली. माझ्यासाठी ती दिवाळी होती.

दसऱ्याला आम्ही निडीला गेलो. तिचं माहेर तिथलं. भाताची आणि वालाची शेती, पुढे मोठं अंगण. सायकल पुढचं चाक काढून आमच्या छोट्या गाडीत मागे घातली होती, कारण नवीन वाहन माहेरी दाखवायचं असतं, आणि रविवारची शर्यत तिथून जवळ. सासूबाईंनी सायकलीभोवती फेरी मारली. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "जावयबापू, केवढ्याची?"

मी आकडा सांगितला. खरा सांगितला नाही, निम्मा सांगितला. तरी त्या म्हणाल्या, "नी मागं बसायला जागा नाय?"

"नाय."

"घंटी?"

"नाय."

"मंग पैसं कशाचं?"

मी अभिमानानं चाकाच्या मधली ती चकाकणारी चकती दाखवली. म्हटलं, "ब्रेकचे. हिला दोन बाजूंनी पॅड आवळतात नी सायकल थांबते."

"म्हंजे चालायचं नाय, थांबायचंच पैसं दिलं म्हना."

मी म्हटलं, तसंच समजा. आणि मग शर्टाचं बटण लावून, वर्गात उभा राहतो तसा उभा राहून त्यांना नीट समजावलं: आई, सायकल धुतली तरी चालेल, फुलं घाला, हळदकुंकू दांड्याला लावा, पण या चकतीला हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं तरी ब्रेक बिघडतो. त्यांनी "व्हय व्हय" केलं. मी त्या "व्हय व्हय"वर विश्वास ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसानं ठेवायला नको होता.

दसऱ्याला त्यांच्या अंगणात सगळी अवजारं निघतात. कोयते, विळे, कुदळी, पहारी, पंपाचं हँडल, विळीसुद्धा. घासायची, धुवायची, आणि मग खोबरेलात बुडवलेल्या फडक्यानं एकेक पुसायची, म्हणजे वर्षभर गंजत नाहीत. हे काम सासूबाई दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. मी झेंडू आणि श्रीखंड आणायला रोह्याशेजारच्या अष्टमी गावात गेलो होतो. बायको आत पुरणाला हात लावत होती. परत आलो तर अवजारांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी, सायकल उभी. हार घातलेली. आणि चकत्या अशा चमकत होत्या की त्यात माझं तोंड दिसलं. दिसलेलं तोंड चांगलं नव्हतं.

"आई! मी सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही!"

"हात कुठं लावला? फडक्यानं पुसली."

"तेलाच्या?"

"मंग कोरड्या पुसून काय व्हतं? लोखंड हाय ना? खाडीचा वारा येतो हितपर्यंत. माझा कोयता बगा, तुमचं लगीन झालं तवाचा हाय. डाग हाय का एक? मागचं चाक मी गरागरा फिरवून फिरवून पुसलं, म्हटलं जावयानं एवढं पैसं घातलंत त्यात."

गरागरा फिरवून. म्हणजे तेल पॅडमध्ये शिरलं. बायको बाहेर आली, एका नजरेत तिला सगळं कळलं. तिनं हार काढला, सायकलीवर बसली आणि अंगणाच्या उतारावरून खाली गेली. ब्रेक दाबल्यावर आधी एक किंकाळी आली. वाडीतली कुत्री उठली. आणि सायकल थांबली नाही. दोन्ही पाय घासत ती कशीबशी भाताच्या बांधाला टेकली.

सासूबाई पायरीवरून म्हणाल्या, "आता थांबत पन नाय? मंग पैसं गेलं कुठं गो?"

दुकानदाराला फोन लावला. मी घाबरून स्पीकर चालू केला.

"सर, ऑइल लागलं? मग पॅड गेले."

"गेले म्हणजे?"

"गेले म्हणजे गेले, सर."

"मग दुसरे पाठवा. रविवारच्या आत."

"या ब्रेकचे बाहेरून मागवावे लागतात. दिवाळीपर्यंत येतील. साधे ब्रेक घेतले असते ना, तर तुम्हाला पेणमध्येसुद्धा पॅड मिळाले असते."

बायकोनं ऐकलं. मी अंगणात इकडून तिकडे फिरलो, दुकानदारावर चिडलो, परदेशावर चिडलो, खोबरेलावर चिडलो, आणि सगळ्यात जास्त त्या चकाकणाऱ्या चकतीवर, जिच्यासाठी मी एका बाईची चढण काढून घेतली होती.

दुकानदार फोन ठेवताना म्हणाला होता की काहीजण पॅड घासून, स्पिरिटनं धुऊन, भाजून बघतात. गॅरंटी नाही. मी परत अष्टमीला गेलो, औषधाच्या दुकानातून स्पिरिट आणलं. दुकानवाल्यानं विचारलं, "कोणाला लागलं काय?" मी म्हटलं, सायकलीला. त्यानं बिल देऊन लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. डिकीत शेजाऱ्यांच्या कारखान्यातला पॉलिश पेपर पडला होता, घरचं दार घासायला आणलेला. बाप्पाच्या सोंडेवर फिरतो तो पेपर मी ब्रेकच्या पॅडवर फिरवला. चकत्या स्पिरिटनं पुसल्या, परत पुसल्या. मग पॅड तव्यावर ठेवायचे म्हणून तवा मागितला.

"दसऱ्याच्या दिशी? भाकरीच्या तव्यावर?" सासूबाई म्हणाल्या. मग आत जाऊन एक जुना, कडा झिजलेला तवा घेऊन आल्या. "ह्यावर करा काय ते. नी तो तुमीच घेऊन जा पेनला."

मागच्या पडवीत गॅसवर तवा ठेवला. पॅड तापले, त्यांतून धूर निघाला, आणि सगळ्या घरात खोबरेलाचा वास पसरला. सासूबाईंनी नाक वर करून वास घेतला. "बगा. भेसळ नाय. घान्याचं हाय."

मी हसलो नाही. आता लिहिताना हसतोय, पण तेव्हा तो तवा कुठंतरी भिरकावून द्यावासा वाटत होता.

संध्याकाळी निडी स्टेशनच्या रस्त्यावर आम्ही सायकलीची परीक्षा घेतली. पुढचा ब्रेक बऱ्यापैकी धरायला लागला होता. मागचा थोडासा धरायचा आणि भयंकर ओरडायचा. असा ओरडायचा की प्लॅटफॉर्मवर बसलेले दोघंजण गाडी आली समजून पिशव्या उचलून उभे राहिले. मी म्हणालो, "नाही जायचं. हे काही खरं नाही. पुढल्या वर्षी बघू."

"पुढल्या वर्षी मी एक वर्षानं म्हातारी असेन."

"पुढचा ब्रेकही उतारावर गेला तर?"

"तर चालत येईन. सायकल हातात धरून. पण येईन त्याच रस्त्यानं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुमचेच ब्रेक आहेत ना? मग जरा विश्वास ठेवा की."

रविवारी सासूबाई चांगलं लुगडं नेसून आमच्याबरोबर निघाल्या. मी आग्रह केला नव्हता. डोंगराच्या पायथ्याशी, शर्यत सुरू होते आणि संपतेही तिथं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर त्या बसल्या आणि मी शेजारी उभा राहिलो. रेषेपाशी एक तरुण मुलगा तोंडात शिट्टी घेऊन तयार. बायको ज्या गटात होती तो सगळ्यात शेवटी सोडला. वर जाणारी वाट झाडीत शिरली आणि ती दिसेनाशी झाली.

मग बराच वेळ काहीच नाही. इतर गटांतले खाली यायला लागले, झूम करून, एका बोटानं थांबून. त्यांच्या सायकलींकडे मी हेव्यानं बघत होतो. ताटलीएवढी चकती जवळजवळ प्रत्येकीला होती.

आणि मग वरून, झाडीतून, ती किंकाळी आली. लांबून, बारीक. सगळे दचकले. "काय झालं?" कोणीतरी विचारलं.

"आमची हाय," सासूबाई म्हणाल्या.

त्या आवाजाचा मला तिटकारा आला होता, दसऱ्यापासून तो कानातून जात नव्हता. पण आता मी तोच ऐकत होतो. ओरडला, म्हणजे धरतोय. थांबला, म्हणजे सपाट असेल. पुन्हा ओरडला, जवळून, म्हणजे वळण. मग एकदम गप्प. बराच वेळ गप्प. मी सासूबाईंच्या खुर्चीची पाठ धरली. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आरडं गो बाय, आरडं," सायकलीला की मुलीला ते मला कळलं नाही.

ओरडला. झाडीच्या अगदी कडेला. आणि ती दिसली, गुडघ्यापर्यंत लाल मातीत, एका कोपराला खरचटलेलं, चेहरा टोमॅटोसारखा. पुढचे लोक बाजूला झाले, आवाजच तसा होता. रेषेवर आली, पोरानं शिट्टी मारली, तिनं दोन्ही ब्रेक आवळले, आणि ती थांबली. रेषेच्या हातभर पुढे, पण थांबली.

तिच्या गटात तिच्या मागे एकच बाई होती, ती अजून वर होती. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती पाणी न पिता आधी त्या शिट्टीवाल्या पोराकडे बघून हसली, तसं हसताना मी तिला शाळेत कधी पाहिलेलं नाही. मग धापा टाकत म्हणाली, "शेवटचा चढ ढकलत नेली. पूर्ण. ताटली असती तर..."

"माहीत आहे."

"उतारावर मात्र..." तिनं पुढचं वाक्य सोडून दिलं आणि मागच्या चाकाकडे बघितलं.

सासूबाई उठल्या, लुगड्याचा पदर हातात घेऊन सायकलीच्या मातीनं भरलेल्या चकतीकडे वाकल्या. आम्ही दोघंही एकदम ओरडलो, "आई, नको!"

"कोरडाच हाय पदर," त्या म्हणाल्या आणि हात मागे घेतला.

सासूबाईंना निडीला सोडून घरी येताना गाडीत बायकोनं डोळे मिटले होते. नागोठण्याच्या पुढच्या खड्ड्यांत आम्ही आदळत असताना, झोपली असेल असं वाटलं तेव्हा, ती म्हणाली, "त्या मोठ्या कॅसेटची किंमत किती आहे ते विचाराल का?"

"विचारतो की. उद्याच."

"नको," ती डोळे न उघडता म्हणाली. "मी विचारलीय. दसऱ्याच्या दिवशी, तुम्ही स्पिरिट आणायला गेला होतात तेव्हा."